हाक बुरशीला, ओ टारफुल्याची

टारफुला, बंबाखू, अमरवेल या परोपजीवी तणांवर मागे लिहिताना ‘ही तणं पिकाची संप्रेरकं ऐकतात’ असं एक वाक्य मी सहज लिहून गेलो होतो. संप्रेरकं म्हणजे झाडाच्या अंगात वाढीचे निरोप देणारी रसायनं. सगळे प्रश्न त्या एका वाक्यावरच आले. काही एकसारखे होते, ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझ्या माळाच्या रानात उसात टारफुला मातलाय. बांधापलीकडं भावाचा भुईमूग आहे, तिथं एक काडी नाही. पण त्यानं ऊस लावला त्या वर्षी त्याच्यातही आला होता. बी तर दोन्हीकडं आहे. मग वर कुठलं पीक आहे हे त्या बियाला कळतं कसं? – ऊस उत्पादक, कागल तालुका

तुमचं निरीक्षण पक्कं आहे, फक्त एक दुरुस्ती. भावाच्या भुईमुगातही टारफुला उगवतो. मातीतच उगवतो, मातीतच मरतो, म्हणून दिसत नाही. त्याचा फायदा कसा करून घ्यायचा ते पुढं सांगतो.

टारफुल्याचं बी म्हणजे तपकिरी भुकटी. एक दाणा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, आणि एका झाडाला असे हजारो दाणे. एवढ्याशा बियात शिदोरी ती किती असणार! मोड फुटला की चार-पाच दिवसांत मूळ गाठायचं, नाहीतर संपलं. म्हणून हे बी नुसत्या पावसावर विसंबत नाही. आठवडा-दोन आठवडे ओल आणि ऊब मिळाली की ते तयार होतं आणि मग जवळच्या मुळाकडून निरोप यायची वाट बघतं. निरोप आला नाही तर पुन्हा झोपी जातं. असं दहा-दहा वर्षं थांबायची त्याची तयारी असते.

तो निरोप म्हणजे मुळातून पाझरणारं एक रसायन. १९६६ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी ते प्रथम वेगळं काढलं. टारफुल्याचं शास्त्रीय नाव स्ट्रायगा, म्हणजे लॅटिनमध्ये चेटकीण. त्यावरून या रसायनाला स्ट्रायगॉल म्हटलं आणि पुढं अशा सगळ्या रसायनांच्या कुळाला स्ट्रायगोलॅक्टोन हे नाव पडलं. गंमत अशी की ते सापडलं कापसाच्या मुळांत, आणि कापसावर टारफुला जगतच नाही! मालकाची वस्तू चोराच्या नावावर नोंदली गेली ती अशी.

मग एवढं धोक्याचं रसायन झाड बाहेर टाकतं कशाला, हे कोडं चाळीस वर्षं सुटलं नव्हतं. २००५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की ही हाक मुळात मायकोरायझा बुरशीला असते. ही बुरशी मुळात घर करते, मातीतलं स्फुरद आणून देते आणि बदल्यात साखर घेते. हाक ऐकली की तिच्या तंतूंना फांद्या फुटतात आणि मूळ सापडणं सोपं होतं. पुढं २००८ मध्ये फ्रान्स आणि जपानमधल्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं की हेच रसायन झाडाच्या आत संप्रेरकाचंही काम करतं, बगलफुटी, म्हणजे बाजूच्या फांद्यांची फूट, दाबून ठेवतं. एकच पदार्थ घरात शिस्त लावतो आणि दाराबाहेर सोबत्याला बोलावतो. टारफुल्यानं फक्त चोरून ऐकायचं शिकून घेतलं.

त्याचा कान मात्र विलक्षण तिखट. इतर झाडांत ज्या प्रथिनानं जळालेल्या रानाच्या धुरातली रसायनं ओळखली जातात, त्याच घराण्यातल्या प्रथिनाच्या टारफुल्यात अनेक प्रती तयार झाल्या आणि त्यातल्या काही स्ट्रायगोलॅक्टोन ओळखू लागल्या. लिटरभर पाण्यात ग्रॅमचे काही अब्जांश भाग असले तरी सर्वांत तिखट प्रतीला ते कळतं. शिवाय हे रसायन ओल्या मातीत फार टिकत नाही, लवकर मोडतं. म्हणजे ते बियापर्यंत पोचलं याचा अर्थ मूळ जिवंत आहे आणि काही मिलिमीटरवरच आहे. बियाला यापेक्षा खात्रीची खबर कुठून मिळणार?

प्रश्न : हलक्या रानातच हे तण जास्त का? आणि ज्वारी तर टारफुला वर दिसायच्या आधीच पिवळी पडते, पाणी दिलं तरी कोमेजलेली राहते. – जत तालुक्यातून दोन पत्रं

दोन्ही प्रश्नांची मुळं संप्रेरकांतच आहेत.

झाडाला स्फुरद कमी पडलं की ते बुरशीला जास्त जोरानं हाक मारतं, म्हणजे मुळातून जास्त स्ट्रायगोलॅक्टोन सोडतं. काही पिकांत नत्राच्या टंचाईनंही असंच होतं. हलक्या, धुपलेल्या माळावर पीक उपाशी असतं, म्हणून ओरडतं, आणि ओरडतं म्हणून टारफुला जागा होतो. गरिबाच्याच शेतात हे तण का मातं याचं उत्तर इतकं सरळ आणि इतकं वाईट आहे. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला ज्वारी, बाजरी आणि मका करणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांना त्याच्या थोरल्या भावंडानं, स्ट्रायगा हर्मोन्थिकानं, याच कारणानं जेरीला आणलं आहे.

म्हणून शेणखत, माती परीक्षणाप्रमाणे स्फुरद आणि वेळेवर नत्र हा टारफुल्यावरचाही उपाय आहे. मायकोरायझाची पावडर वापरावी का, असं एका पत्रात विचारलं आहे. बुरशी मुळात नीट रुजली की झाडाची हाक मंदावते आणि ज्वारी-मक्यात टारफुला कमी उगवतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. पण पुडीतली बुरशी जिवंत हवी. उन्हात तापलेल्या दुकानात वर्षभर पडलेल्या पुडीबद्दल माझं मत विचारू नका.

आता कोमेजण्याबद्दल. टारफुला चूषकमुळी घुसवून पिकाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांना जोडला जातो. पाणी आपल्याकडं ओढायचं तर आपल्या पानांतून ते पिकापेक्षा जास्त उडालं पाहिजे. कुठल्याही झाडाला पाणी कमी पडलं की ॲबसिसिक ॲसिड नावाचं संप्रेरक वाढतं आणि पानांची रंध्रं मिटतात. टारफुल्यात हे संप्रेरक भरपूर असतं, पण त्याचा हुकूम पाळणारी साखळीच बिघडलेली आहे. २०१९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्यातलं नेमकं प्रथिन दाखवलं. त्यामुळं दुष्काळातही याची रंध्रं उघडी. शेजारची ज्वारी मात्र इमानानं रंध्रं मिटून बसते. तिच्या रसात ॲबसिसिक ॲसिड वाढतं, वाढीची संप्रेरकं, म्हणजे सायटोकायनिन आणि जिबरेलिन, घटतात आणि ती खुजी राहते. टारफुल्यानं जेवढं अन्न-पाणी चोरलं त्या हिशेबापेक्षा नुकसान मोठं दिसतं ते यामुळं. आणि हे सगळं तण मातीखाली असतानाच होतं. वर जांभळी, पांढरी फुलं दिसेपर्यंत पंचनामाच उरलेला असतो. तरीही भांगलण करून ते उपटाच, या पिकासाठी नव्हे, पुढच्या दहा वर्षांसाठी. बी धरण्याआधी.

प्रश्न : स्ट्रायगोलॅक्टोन हीच खबर असेल तर ते तयारच न करणारं वाण का काढत नाहीत? – कृषी पदव्युत्तर विद्यार्थिनी, अकोला

काढून पाहिलं आहे. इस्रायलमध्ये २०१९ मध्ये जनुक संपादनानं टोमॅटोतलं स्ट्रायगोलॅक्टोन बनवणारं एक जनुक बंद केलं. बंबाखूचा उपद्रव खूप कमी झाला. पण मघाशी सांगितलं तसं हे रसायन बगलफूट दाबून धरतं. ते नाही म्हटल्यावर झाड बुटकं राहिलं आणि झुडपासारखं फुटत गेलं. शिवाय बुरशीची सोबतही लंगडी पडते. चोराच्या भीतीनं दार भिंतीत चिणून टाकल्यासारखं ते.

शहाणपणाची वाट ज्वारीनं आधीच शोधून ठेवली होती. गेबिसा इजेटा हे इथिओपियात जन्मलेले, अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले ज्वारी पैदासकार. ज्वारीतल्या या कामासाठी त्यांना २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांनी अशी वाणं निवडली ज्यांच्या मुळाशी टारफुला फारच कमी उगवायचा. कारण मात्र २०१७ मध्ये हाती लागलं. या वाणांत एक जनुक निकामी आहे आणि त्यामुळं मूळ एका प्रकारच्या स्ट्रायगोलॅक्टोनऐवजी दुसऱ्या प्रकारचं, ओरोबँकॉल नावाचं, सोडतं. हाक तेवढीच मोठी, फक्त बोली बदललेली. बुरशीला ती कळते, टारफुल्याला नीट उमगत नाही.

यातही एक गोम आहे, ती प्रबंध लिहिताना विसरू नका. एकाच खिडकीवर सगळा पहारा ठेवला आणि टारफुल्याच्या एखाद्या वाणाला नवी बोली समजू लागली, तर काय? म्हणून दुसरी कडीही हवी. आपल्याकडची एन-१३ ही ज्वारी त्या बाबतीत जगभर अभ्यासली गेली आहे. ती टारफुल्याला उगवू देते, मुळाला चिकटूही देते, पण आतल्या पेशींच्या भिंती जाड करून चूषकमुळीला पुढं सरकू देत नाही. दोन्ही गुण एका वाणात आणणं हे खरं पैदासकाराचं काम. माझ्या विद्यार्थ्यांना जनुक संपादन म्हटलं की भुरळ पडायची आणि ‘जुन्या वाणांची मुळं खरवडून बघा’ म्हटलं की तोंडं वाकडी व्हायची, म्हणून हे जरा लांबण लावून सांगितलं.

प्रश्न : बियाला खोटी हाक देऊन फसवता येईल का? तसलं औषध बाजारात मिळतं का? – कृषी सेवा केंद्र चालक, बार्शी

फसवता येतं. याला आत्मघाती उगवण म्हणतात. पीक नसताना रसायन द्यायचं, बी उगवतं, मूळ सापडत नाही, मरतं.

सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेतला. तिथं उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना राज्यांत १९५६ साली मक्यात टारफुला सापडला. सांगतात की भारतातून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्यानं तो ओळखला. आपल्या पोराला तो न ओळखता येता तरच नवल! पुढं तिथल्या सरकारनं ट्रॅक्टरला नळ्या लावून जमिनीत इथिलीन वायू सोडला. केळी पिकवायच्या खोलीत सोडतात तोच. इथिलीन हेही झाडाचं संप्रेरक, आणि टारफुल्याचं बी स्वतः उगवतानाही आतून इथिलीन तयार करतं. बाहेरून तयार इथिलीन मिळालं की पहिला निरोप यायची त्याला गरज उरत नाही. सुमारे पावणेदोन लाख हेक्टरांवरचं तण अशा उपायांनी, तणनाशकांनी आणि कडक बंदोबस्तानं जवळजवळ संपवलं. पण वायूची टाकी, यंत्र आणि दशकानुदशकांचा सरकारी खर्च हे गणित बार्शीतल्या पाच एकरवाल्याला बसणारं नाही.

कृत्रिम स्ट्रायगोलॅक्टोनचं म्हणाल तर जीआर-२४ नावाचं रसायन प्रयोगशाळांत कित्येक वर्षं वापरात आहे, पण ते बनवायला महाग आणि मातीत अल्पायुषी. बनवायला सोप्या पर्यायांची चाचणी बुर्किना फासोतल्या शेतांवर झाली, तिथं बाजरी-ज्वारीत वर येणारा टारफुला निम्म्याहून कमी झाला. आशा आहे, पण तुमच्या फडताळावर ठेवायची बाटली अजून नाही. गिऱ्हाइकानं मागितलं म्हणून इथेफॉन (इथिलीन सोडणारं औषध) जमिनीत ओतायला मात्र सांगू नका.

खोटी हाक देणारं फुकटचं यंत्र शेतकऱ्याकडं आहेच, ते म्हणजे सापळा पीक. कागलकरांच्या भावाचा भुईमूग हेच करतो आहे. भुईमूग, चवळी, सोयाबीन, कापूस यांची मुळं टारफुल्याचं बी उठवतात, पण त्याला आत घेत नाहीत. उसाचे खोडव्यावर खोडवे घेत बसण्यापेक्षा मध्ये एक-दोन हंगाम यांतलं पीक घेतलं तर मातीतली शिल्लक कमी होते. एका वर्षात संपत नाही, आणि संपते असं सांगणाऱ्या विक्रेत्यापासून सावध राहा (तुम्ही स्वतः विक्रेते आहात, राग मानू नका).

केनियात यापुढची पायरी गाठली आहे. भारतात जन्मलेले कीटकशास्त्रज्ञ झियाउर खान तिथं मक्यातल्या खोडकिडीवर काम करत होते. किडीला पळवण्यासाठी मक्याच्या ओळींत डेस्मोडियम हे द्विदल चाऱ्याचं झाड लावलं, तर टारफुलाही हटला. त्याची मुळं टारफुल्याचं बी उठवतात आणि वर दुसरी रसायनं सोडून कोंबाची वाढही रोखतात. किडीसाठी टाकलेल्या जाळ्यात तण सापडलं.

प्रश्न : तंबाखूतला बंबाखू आणि टारफुला एकच का? – निपाणी

कुळ एक, स्वभाव वेगळा. टारफुला वर आला की हिरवा होतो, थोडं अन्न स्वतः करतो. बंबाखूत हरितद्रव्य नाहीच, सगळं बिऱ्हाड तंबाखूच्या जिवावर. बी मात्र दोघांचंही मुळाच्या हाकेवरच उठतं. बोली निराळी असल्यानं सापळा पिकंही निराळी. टारफुल्याची हक्काची यजमान असलेली ज्वारी बंबाखूला चकवते. तीळ, मूग, उडीदही चालतात. कोंब दिसला की फुलायच्या आत उपटा आणि बांधावर टाकू नका, जाळा.

प्रश्न : लसूण घासातल्या अमरवेलीनं दोन वर्षांत अर्धं वावर खाल्लं. तिला तर मूळच नाही. ती काय ऐकते? – दूध उत्पादक महिला, श्रीरामपूर तालुका

ताई, ती ऐकत नाही, हुंगते. आणि ही गोष्ट मला टारफुल्याहून जास्त आवडते.

अमरवेलीचं बी कोणाच्या हाकेची वाट बघत नाही. कवच टणक असतं, ते झिजलं की आपापलं उगवतं. पिवळा दोरा वर येतो, हवेत हळूहळू गोल फिरतो. मुळाचा नुसता देखावा असतो, म्हणून थोड्या दिवसांत आधार मिळाला नाही तर तो वाळतो. २००६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की हा दोरा टोमॅटोच्या वासाकडं झुकतो. झाड काढून घेऊन नुसता त्याचा वास ठेवला तरी तिकडंच. गव्हाकडं त्याचा ओढा कमी, कारण गव्हाच्या वासातलं एक द्रव्य त्याला नकोसं वाटतं.

खोड सापडलं की तो विळखा घालतो. इथं संप्रेरकं आली. पानांच्या सावलीतला लालसर उजेड आणि सायटोकायनिन मिळून विळखा आवळतात, चूषकमुळ्या फुटतात, आणि त्या पिकाच्या पाण्याच्या आणि अन्नरसाच्याही नळ्यांत शिरतात. एकदा रस जुळला की दोघांत काय काय ये-जा करतं ते ऐकून मीही थक्क झालो होतो. पिकाचं फुलोऱ्याचं संप्रेरकसुद्धा! मिखाइल चैलाख्यान या सोव्हिएत शास्त्रज्ञानं १९३० च्या दशकातच म्हटलं होतं की पानात तयार होणारं काहीतरी शेंड्याला ‘आता फुल’ असं सांगतं. ते प्रथिन असल्याचं कळायला सत्तर वर्षं लागली. २०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दाखवलं की अमरवेलीच्या एका जातीत हा निरोप तयार करणारी स्वतःची यंत्रणा मोडून गेली आहे. यजमान फुलायला लागला की त्याचं प्रथिन नळीतून तिच्यात येतं आणि तीही फुलते. पिकाचंच पंचांग बघून मुहूर्त धरते. नाहीतर यजमान वाळून जायचा आणि तिचं बी धरायचं राहायचं.

तुमच्या कामाचं सांगतो. घास फुलू न देता, अमरवेलही फुलायच्या आत, खाली धरून कापायचा, हा जुना सल्ला या शोधानं आणखी पटतो. चट्टे दिसले तिथला घास वेलीसकट काढून जागेवर जाळा. तुटका तुकडा दुसऱ्या झाडावर पडला तर पुन्हा चिकटतो, म्हणून कुंपणावर भिरकावू नका. बी धरलेली वेल जनावरांना घालू नका. ते बी पोटातून धडधाकट बाहेर येतं आणि शेणखतातून तुम्ही स्वतःच ते वावरभर पसरता. पुढच्या वेळी बियाणं प्रमाणितच घ्या. बहुतेक वेळा ही बया पिशवीतूनच आलेली असते.

प्रश्न : चंदन लावलंय. शेजारी तूर लावा म्हणतात. चंदनही परोपजीवी मग तण का नाही? – जालना जिल्हा

कारण त्याला भाव आहे! तण कोणाला म्हणायचं हे वनस्पतिशास्त्र ठरवत नाही.

चंदन अर्धा परोपजीवी आहे. पानं हिरवी, अन्न स्वतः करतो, पण मुळांनी शेजाऱ्याकडून पाणी आणि क्षार घेतो. बियाला यजमानाच्या हाकेची गरज नसते, म्हणून रोपवाटिकेत ते एकटं उगवतं, आणि ताज्या बियाची झोप मोडायला ५०० पीपीएम जिबरेलिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर भिजवतात. तेही संप्रेरकच, पण इथं निरोप आपण देतो. पिशवीत तूर हवीच, आणि शेतात तूर संपण्याआधी शरू, सुबाभूळ किंवा कडुनिंबासारखा कायमचा सोबती मोठा झालेला हवा. पुष्कळांची चंदनं तिसऱ्या वर्षी पिवळी पडतात ती इथं.

प्रश्न : हापूसवरच्या बांडगुळावर संप्रेरकाची फवारणी चालेल का? – देवगड

अमेरिकेत तिथल्या बांडगुळांवर इथेफॉन फवारतात. त्यातून इथिलीन सुटतं आणि बांडगूळ पानं-काड्या गाळतं. पण फांदीच्या आत घुसलेला भाग जिवंतच राहतो आणि पुन्हा फुटतो. टू-फोर-डी हे कृत्रिम ऑक्झिन, म्हणजे वाढीच्या संप्रेरकाची नक्कल, तेही काही जण सुचवतात. आंब्याची पालवी आणि शेजाऱ्याची बाग दोन्ही त्यात होरपळू शकतात, मी तरी वापरणार नाही. फुलटोचा पक्षी चिकट बी फांदीला पुसून ठेवतो तिथूनच हे सुरू होतं, तेव्हा फळं धरण्याआधी, बांडगूळ लागलंय त्याच्या हात-दीड हात खालून फांदी कापा आणि कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावा. बांडगूळ नुसतं ओरबाडून काढणाऱ्या गड्याला मजुरी दोनदा द्यावी लागते, एकदा यंदा आणि एकदा पुढच्या वर्षी.